समोरचा तगडा असताना: स्पर्धेतला बुद्धिबळाचा डाव नवख्याने कसा खेळावा

पहिल्यावहिल्या स्पर्धेत नाव द्यावं आणि पहिल्याच फेरीत समोरच्याचं रेटिंग (खेळाची ताकद दाखवणारा आकडा) आपल्यापेक्षा चारशेने जास्त निघावं, हे इतकं नेहमीचं आहे की त्यात नशिबाचा काही संबंध नाही. बहुतेक खुल्या स्पर्धा स्विस पद्धतीने होतात. खेळाडूंची रेटिंगप्रमाणे यादी करतात, ती मधोमध तोडतात आणि वरच्या अर्ध्यातला पहिला खालच्या अर्ध्यातल्या पहिल्याशी खेळतो. ६० जण असतील तर १ क्रमांकाची गाठ ३१ शी, २ ची ३२ शी. म्हणजे यादीत तुम्ही खालच्या अर्ध्यात असाल तर पहिली फेरी तगड्याशीच. पुढच्या फेऱ्यांत समान गुणांचे खेळाडू एकमेकांसमोर येतात. पहिली हरलात तर दुसरी सोपी जाईल, पहिली जिंकलात तर दुसरी आणखी अवघड.

हा लेख त्या पहिल्या फेरीसाठी आहे. हरखून न जाता आणि हबकून न जाता डाव शेवटपर्यंत कसा न्यायचा, एवढंच यात आहे. तगड्याला हरवण्याची युक्ती वगैरे काही मिळणार नाही. ती असती तर तो तगडा राहिला नसता.

आधी रेटिंगचा हिशेब

आकड्याची भीती घालवायची तर आकडाच नीट वाचावा. फिडेचं, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघाचं, रेटिंग अर्पाद एलो यांच्या पद्धतीवर चालतं. फिडेने ती १९७० मध्ये स्वीकारली. दोघांच्या रेटिंगमधल्या फरकावरून कोणाला किती गुण अपेक्षित, हे तक्त्यात दिलेलं असतं. २०० चा फरक असेल तर वरच्याला ०.७६ आणि खालच्याला ०.२४. ४०० चा असेल तर ०.९२ आणि ०.०८. तुम्हाला जे गुण मिळाले त्यातून अपेक्षित गुण वजा करायचे आणि उरलेल्याला एका गुणकाने गुणायचं; येईल तेवढं रेटिंग बदलतं. नव्या खेळाडूचा हा गुणक पहिले ३० डाव पूर्ण होईपर्यंत ४० असतो, नंतर २४०० च्या खाली २०.

आता १५०० चा नवखा १९०० वाल्याशी बसला असं धरू. हरला तर जातात ३.२ गुण. बरोबरी झाली तर मिळतात १६.८, जिंकला तर ३६.८. समोरच्याचा गुणक २० असेल तर बरोबरीत त्याचे ८.४ जातात, आणि हरला तर १८.४. गमावण्यासारखं कोणाकडे जास्त आहे ते दिसतंच आहे. तो डाव जिंकायलाच बसलेला असतो, बरोबरी त्याला परवडत नाही, आणि ही गोष्ट पुढे तुमच्या कामाला येते.

०.०८ म्हणजे शून्य नव्हे, हेही ध्यानात असू द्या. डिसेंबर २०१५ मध्ये कतार मास्टर्स स्पर्धेच्या पहिल्या फेरीत विश्वविजेता मॅग्नस कार्लसन जॉर्जियाच्या निनो बत्सिआश्विलीशी खेळला. फरक तीनशेहून जास्त होता, आणि डाव बरोबरीत सुटला. २००३ मध्ये लिनारेसला पंधरा वर्षांच्या तैमूर रद्जाबोवने काळ्या मोहऱ्यांनी गॅरी कास्पारोवला हरवलं, तेव्हा कास्पारोव जगात पहिल्या क्रमांकावर होता. ही मंडळी नवखी नव्हती हे खरं. पण आकडा पटावर चाली करत नाही, एवढं यातून नक्की कळतं.

आदल्या रात्री

जोडी कळल्यावर प्रतिस्पर्ध्याचे जुने डाव शोधायचा मोह होतो. शोधा, पण पाहायचं एवढंच: पांढऱ्याने पहिली चाल कोणती करतो, आणि काळ्याने ई४ ला नि डी४ ला काय उत्तर देतो (घरांची नावं अशी: पांढऱ्याच्या डावीकडून उभ्या पट्ट्या ए ते एच, त्याच्याकडून आडव्या रांगा १ ते ८). त्यावर तुमच्याकडे आधीपासून जे आहे ते एकदा चाळा आणि झोपा. रात्रीत नवं ओपनिंग (सुरुवातीच्या ठरलेल्या चाली) पाठ करणं हा सगळ्यात खात्रीचा तोटा. सातव्या चालीपर्यंत पाठांतर चालतं, आठवीला तो पुस्तकाबाहेर जातो, आणि मग तुम्ही अनोळखी जागी उभे असता. तो मात्र तिथे वर्षानुवर्षं खेळलेला असतो.

पटावर बसताना

घरात आणि मोबाइलवर खेळून आलेल्यांना इथेच ठेच लागते. काही नियम आधीच अंगवळणी पडलेले बरे.

हात लावला की चाल. स्वतःचा मोहरा मुद्दाम हातात घेतला तर तोच हलवायचा, समोरच्याचा घेतला तर तो मारायचा, अर्थात तशी चाल नियमात बसत असेल तर. मोहरा फक्त घरात सरळ करायचा असेल तर आधी तोंडाने सांगा, आणि तेही आपलं घड्याळ चालू असतानाच. कॅसलिंग (राजा हत्तीकडे दोन घरं सरकवून हत्ती त्याच्या पलीकडे ठेवणं) करताना राजा आधी, हत्ती नंतर, आणि एकाच हाताने. हत्ती आधी धरला तर त्या बाजूला कॅसलिंग करता येत नाही, हत्तीचीच चाल करावी लागते.

ज्या हाताने चाल केली त्याच हाताने घड्याळ दाबायचं. चाल लिहायची ती केल्यावर. आधी लिहून मग विचार करत बसणं नियमात बसत नाही. नियमबाह्य चाल करून घड्याळ दाबलं तर समोरच्याला २ मिनिटं जादा मिळतात, आणि दुसऱ्यांदा तसंच झालं तर डाव जातो. फोन जवळ बाळगायचाच नाही. बंद असला तरी नाही.

काही शंका आली की घड्याळ थांबवा आणि पंचांना बोलवा. समोरचा अनुभवी आहे म्हणून तो सांगेल तो नियम, असं कधीही धरू नका. तो मुद्दाम फसवेल असं नाही, पण त्यालाही नियम अर्धवट माहीत असू शकतो. पंच त्यासाठीच बसलेले असतात, आणि त्यांना बोलावल्याबद्दल कोणी नाक मुरडत नाही.

सुरुवातीच्या चाली

नेहमी खेळता तेच खेळा. ‘एवढ्या मोठ्या खेळाडूसमोर काहीतरी वेगळं’ असं मनात आलं की ते तिथेच सोडा.

दुसरा मोह याच्या उलट दिशेचा: डाव मुद्दाम कोरडा करायचा. फ्रेंच बचाव नावाच्या ओपनिंगमध्ये ई आणि डी पट्टीतल्या प्याद्यांची तिसऱ्याच चालीला अदलाबदल केली की दोन्ही बाजू सारख्या दिसतात, आणि नवख्याला वाटतं, आता बरोबरी कुठे जाते! जाते ती. सारख्या स्थितीत दोघांना करायचं काम सारखंच असतं, आणि सारखं काम जास्त चांगलं कोण करणार हे रेटिंगच सांगतं. शिवाय जिंकायला बसलेला माणूस अशा स्थितीत घाई करत नाही. तो मोहरे पटावर ठेवतो, कॅसलिंग वेगळ्या बाजूला करतो आणि तुम्ही कधी कंटाळाल याची वाट पाहतो.

ओपनिंगमध्ये एवढं साधा: मोहरे बाहेर, राजा कोपऱ्यात, मध्यात किमान एक प्यादं, आणि घड्याळात भरपूर वेळ. दहा-बारा चालींनंतर हे चारही जमले असतील तर तुमचं काम चोख झालं आहे, मग इंजिन (चाली तपासणारा संगणकाचा प्रोग्रॅम) काहीही म्हणो.

मधला डाव

तगडा खेळाडू झगझगीत बलिदानं देऊन जिंकतो अशी समजूत आहे. प्रत्यक्षात तो बहुतेक वेळा गप्प बसून जिंकतो. पटावर काही घडत नाही, तुम्हाला चैन पडत नाही, आणि तुम्ही स्वतःहून काहीतरी हलवता. ते हलवणं बहुधा प्यादं असतं. प्यादं मागे येत नाही.

एक नेहमी दिसणारा प्रसंग जवळून पाहू. तुम्ही काळे. कॅसलिंग राजाच्या बाजूला झालेलं, घोडा एफ६ वर, वजीर डी८ वर, आणि काळ्या घरांवरचा उंट सी५ वर गेलेला, त्यामुळे ई७ रिकामं. पांढऱ्याचा उंट जी५ वर येतो आणि घोडा वजिराला बांधला जातो, म्हणजे घोडा हलला की मागचा वजीर उंटाच्या माऱ्यात येतो. हे बांधलेपण खुपतं. म्हणून तुम्ही एच६ करता, उंट एच४ वर जातो, आणि तुम्ही जी५ करता: आता तरी जा बाबा! पण तो जात नाही. एफ३ वरचा घोडा जी५ वरचं प्यादं मारतो. तुम्ही एच प्याद्याने घोडा मारता, आणि उंट पुन्हा जी५ वर येऊन बसतो. हिशेब असा: त्याचा एक घोडा गेला, तुमची दोन प्यादी गेली. पण राजासमोरची भिंत पडली आणि घोडा अजून बांधलेलाच आहे. आता वजीर एफ३ वर किंवा दुसरा घोडा डी५ वर आला की एफ६ वर मारा वाढतो.

हे बलिदान दर वेळी बरोबर असतंच असं नाही. पण ते निस्तरायला तुम्हाला दहा अचूक चाली लागतील, त्याला चार. तेच जर तुम्ही अजून कॅसलिंग केलेलं नसेल आणि पांढऱ्याने राजाच्या बाजूला केलेलं असेल, तर जी५ पुष्कळदा चांगली चाल ठरते. चाल तीच, राजाचं घर वेगळं. म्हणून राजासमोरचं प्यादं ढकलण्याआधी एकच प्रश्न: माझा राजा कुठे आहे?

मग काही सुचत नसताना करायचं काय? आपला सगळ्यात निकामी मोहरा शोधायचा. कोपऱ्यातला हत्ती, प्याद्यांमागे कोंडलेला उंट, कडेला पडलेला घोडा. त्याला दोन-तीन चालींत कुठे नेलं तर तो काही काम करेल ते ठरवायचं आणि निवांतपणे तिकडे न्यायचं. हे ऐकायला फार साधं वाटतं. पण पटावर ताण असताना, म्हणजे प्यादी एकमेकांना मारता येतील अशी भिडलेली असताना, नवख्याचा हात मारामारीकडेच जातो. ताण सहन करणं हे शिकायचं कौशल्य आहे. जो आधी मारतो तो बऱ्याचदा समोरच्याचा एखादा मोहरा फुकटात चांगल्या घरी आणून देतो.

दर चालीआधी एक ठरलेली तपासणी करा: शह, मार, धमकी. मी ही चाल केली तर तो कुठून शह देऊ शकतो, काय मारू शकतो, कशाची धमकी देऊ शकतो? चाल मनात पक्की झाल्यावर, पण हात उचलण्याआधी. यात अर्धं मिनिट जातं. नवख्यांचे डाव ज्या चुकांनी जातात त्यातल्या बऱ्याचशा या अर्ध्या मिनिटात सापडतात.

आणि त्याने एखादं प्यादं तसंच सोडलं तर? ‘एवढा मोठा खेळाडू, उगाच सोडेल का!’ असं म्हणून पुढे जाऊ नका. मोजा. मारल्यावर तो काय करेल, त्यावर तुम्ही काय कराल, आणखी एक चाल पुढे. काही वावगं दिसत नसेल तर मारा. तगड्यांच्या हातूनही प्यादी सुटतात, आणि समोर नवखा असला की जरा जास्तच सुटतात, कारण ते तितक्या काळजीने पाहत नाहीत. खरंच सापळा असला तर निदान तुम्हाला दिसला नाही असा सापळा असेल; त्याला इलाज नाही. न मोजता घाबरणं मात्र फुकटचं नुकसान.

घड्याळ

९० मिनिटं आणि दर चालीला ३० सेकंद, हे एक नेहमीचं वेळापत्रक. ४० चालींना मिळून ११० मिनिटं होतात, म्हणजे चालीमागे पावणेतीन मिनिटं. पंचविसाव्या चालीला अर्धा तास शिल्लक असेल अशा बेताने चाला. तो झटपट खेळतोय म्हणून तुम्ही झटपट खेळू नका. त्याची चाल येताच उत्तर देण्याचा वेग एकदा अंगात भिनला की सुटत नाही. तो उठून दुसऱ्यांचे पट बघत फिरेल, तेही मनावर घेऊ नका. सगळेच फिरतात.

अदलाबदल आणि शेवट

‘मोहरे कमी झाले की हरण्याची भीती कमी’ हा गैरसमज नवख्यांत सगळ्यात खोलवर रुजलेला आहे. मोहरे कमी झाले की चुकीची किंमत वाढते. हे पाहा: पांढऱ्याचा राजा ई५ वर, प्यादं ई४ वर, काळ्याचा राजा ई७ वर, बाकी पट रिकामा. चाल पांढऱ्याची असेल तर बरोबरी. चाल काळ्याची असेल तर काळा हरतो, कारण त्याला बाजूला व्हावं लागतं: डी७ वर गेला की पांढरा राजा एफ६ वर शिरतो, एफ७ वर गेला की डी६ वर. मोहरे तेच, घरं तीच, फक्त पाळी कोणाची यावर अर्धा गुण ठरतो. सगळं मारून टाकून इथवर यायचं असेल तर पाळी कोणाची येईल हे पाच चाली आधी मोजता आलं पाहिजे. तगड्याला ते येतं.

सर्वसाधारण सूत्र असं की मोहऱ्यांनी पुढे असाल तर मोहरे बदला, प्यादी ठेवा; मागे असाल तर प्यादी बदला, मोहरे ठेवा. आणि स्पर्धेआधी तीन-चार बचाव हातात बसवा, कारण अर्धा गुण तिथे मिळतो. वरच्या स्थितीत चाल पांढऱ्याची असताना राजासमोर राजा धरून राहणं, आणि प्यादं ई६ वर आलं की ई७ वरून सरळ मागे ई८ वर जाणं. हत्ती विरुद्ध हत्ती आणि एक प्यादं यात अठराव्या शतकातल्या फिलिदोरचा बचाव: आपला राजा प्याद्याच्या वाटेत, आपला हत्ती आपल्याकडून तिसऱ्या रांगेत, आणि प्यादं त्या रांगेत आलं की हत्ती थेट पलीकडच्या टोकाला जाऊन मागून शह देत राहतो. तिसरा फार गमतीचा. पांढऱ्याकडे एच पट्टीतलं प्यादं आणि पांढऱ्या घरांवर फिरणारा उंट, तुमचा राजा एच८ च्या कोपऱ्यात. एक उंट आणि एक प्यादं जास्त असूनही डाव बरोबरीत, कारण एच८ काळं घर आहे आणि त्या उंटाला तिथून राजा हुसकता येत नाही. हे ठाऊक असलेला नवखा हरलेल्या डावातून कोपऱ्याकडे पळत सुटतो.

बरोबरीचा प्रस्ताव

रीत अशी: चाल करायची, प्रस्ताव तोंडी मांडायचा, मग घड्याळ दाबायचं. एकदा नाकारला की पुन्हापुन्हा विचारू नका. उगाच विचारत राहणं हा व्यत्यय धरला जातो, आणि त्यातून तुमची धास्तीही कळते.

प्रस्ताव त्याच्याकडून आला तर? बरोबरी त्याला परवडत नाही हे आपण पाहिलंच. तरी तो विचारतोय, म्हणजे त्याला पटावर काहीतरी आवडलेलं नाही. लगेच हात पुढे करू नका. तुमचं घड्याळ चालू आहे, विचार करण्याचा हक्क आहे. स्थिती बरी असेल आणि वेळही हाताशी असेल तर माझ्या मते खेळत राहावं. वेळ दोन मिनिटांवर आला असेल तर प्रस्ताव मान्य करावा, त्यात कमीपणा काही नाही.

एकच स्थिती तिसऱ्यांदा येत असेल तर बरोबरीचा दावा करता येतो, पण ती चाल पटावर करायची नाही. कागदावर लिहायची, घड्याळ थांबवायचं, पंचांना सांगायचं. मोहऱ्याला हात लावला की त्या चालीपुरता हक्क गेला.

डाव फिरतो तेव्हा

हरत असाल तर लगेच राजीनामा देऊ नका. एखादा मोहरा गेला तरी तो कसा जिंकतो ते बघायला बसा. वजीर पटावर असेल तर सलग शहांची शक्यता शोधा, राजाला हलायला घर नसेल तर स्टेलमेटची, म्हणजे शह नसताना एकही चाल न उरल्याने होणाऱ्या बरोबरीची. जिंकत आलेला तगडा खेळाडू मनाने पुढच्या फेरीत पोचलेला असतो. मात्र एकट्या राजावर वजीर आणि हत्ती चालून येत असताना अर्धा तास बसून राहणं हा उद्धटपणा, तेवढं तारतम्य ठेवा.

उलट तुम्ही जिंकत असाल, तर सगळ्यात अवघड भाग तोच. हात थरथरतो, निकाल डोळ्यांसमोर दिसायला लागतो. उठा, पाणी प्या, परत येऊन स्थिती पहिल्यांदाच पाहतोय असं धरून पाहा. इथून पुढे तो चांगली चाल शोधण्यापेक्षा तुम्हाला अवघड जाईल अशी चाल शोधणार आहे, त्यामुळे शह-मार-धमकीची तपासणी आता दुप्पट काटेकोर. सुंदर चाल आणि सोपी चाल दोन्ही दिसत असतील तर सोपी.

डाव संपल्यावर

हस्तांदोलन करा, निकाल लिहा, दोन्ही कागदांवर दोघांच्या सह्या झाल्या का पाहा. मग त्याला विचारा, थोडं बघू या का? बहुतेक जण हो म्हणतात. स्पर्धेच्या जागेबाहेर पट मांडा आणि ‘मी कुठे चुकलो’ पेक्षा ‘इथे तुम्ही काय विचार करत होता’ असं विचारा. पहिल्या प्रश्नाला एक चाल मिळते, दुसऱ्याला त्याची विचार करण्याची पद्धत दिसते. तुम्ही ज्या जागी वीस मिनिटं घातलीत तिथे त्याला दोनच चाली विचारात घ्याव्याशा वाटल्या, असं बऱ्याचदा निघतं. त्याच जागांवर कागदात खूण करा.

इंजिन घरी गेल्यावर, आणि तेही स्वतःची टिपणं चालींशेजारी लिहून झाल्यावर. आता दुसऱ्या फेरीच्या जोड्या लागल्या असतील, रंग आणि पटाचा क्रमांक बघून घ्या.